हॉप-ऑन हॉप-ऑफ बसने शहर पाहायचं तर किती वेळा उतरावं?

सत्तरी ओलांडलेले आईवडील, नऊ वर्षांची मुलगी आणि परदेशातल्या एका मोठ्या शहरात हाताशी जेमतेम दोन दिवस. हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचं, म्हणजे एकाच तिकिटात ठरलेल्या मार्गावर हवं तिथे चढू-उतरू देणाऱ्या दुमजली पर्यटक बसचं तिकीट काढावं का, काढलं तर २४ तासांचं की ४८ तासांचं, आणि एका दिवसात किती ठिकाणं उतरून पाहता येतील, असं तुम्ही विचारलं आहे. बरीच वर्षं मी छोट्या गटांना परदेशातली शहरं दाखवते आहे आणि त्या गटांत ज्येष्ठ मंडळी हमखास असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिकीट काढा. २४ तासांचंच काढा. आणि एका दिवसात दोनदा, फार तर तीनदा उतरा. पाच-सहा ठिकाणी उतरायचा बेत मनात असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवा, कारण या बसवर नाराज होऊन येणारी बहुतेक माणसं याच एका गोष्टीमुळे नाराज होतात. "हवं तिथे उतरा, हवं तिथे चढा" हे जाहिरातीत वाचलेलं असतं, पैसे मोजलेले असतात, मग जितकं जास्त उतरू तितकं तिकीट वसूल, असं वाटायला लागतं. खरं म्हणजे दर वेळी उतरलं की वेळ खर्ची पडतो, आणि तो नेमका किती याचा हिशेब आधी कोणी करत नाही.

आपण करून पाहू. समजा, पूर्ण फेरी दोन तासांची आहे आणि बस दर वीस मिनिटांनी येते. मोठ्या शहरांत साधारण असंच असतं. सेवा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच धरली तर हातात आठ तास. पाच ठिकाणी उतरायचं म्हणजे पाच वेळा पुढच्या बसची वाट पाहायची. सरासरी दहा मिनिटं, गर्दी आणि ट्रॅफिक धरून बारा, म्हणजे एक तास निव्वळ फुटपाथवर. दोन तास बसमध्ये, एक तास जेवणाचा. उरले चार तास, पाच ठिकाणांमध्ये वाटले तर प्रत्येकी ४८ मिनिटं. त्या ४८ मिनिटांत थांब्यापासून दारापर्यंत चालणं, सुरक्षा तपासणी, स्वच्छतागृह, परत थांब्यापर्यंत येणं हे सगळं बसवायचं. पॅरिसचं लूव्र संग्रहालय किंवा लंडनचा टॉवर ऑफ लंडन हा किल्ला असा पाहता येत नाही. दारापाशी फोटो काढून माणसं परत येतात आणि संध्याकाळी म्हणतात, पाहिलं खरं, पण काही आठवत नाही.

आता दुसरा हिशेब. आधी एक पूर्ण फेरी न उतरता, दोन तास. मग दुसऱ्या फेरीत दोनच ठिकाणी उतरायचं, त्यासाठी बसमधला आणखी दीड तास, वाट पाहण्यात अर्धा तास, जेवणाला एक तास. उरतात तीन तास, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दीड तास. शहर पूर्ण डोळ्यांखालून गेलेलं असतं आणि दोन जागा नीट पाहून होतात. आईवडिलांसोबत याहून जास्त करायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

वर मी दर वीस मिनिटांनी बस येते म्हटलं. वेळापत्रकात तसं लिहिलेलं असतं, रस्त्यावर मात्र बस तशा येत नाहीत, आणि याचं कारण समजून घेतलं तर तुमचा पुष्कळ त्रास वाचेल. एखादी बस सिग्नलला किंवा कोंडीत पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर पाच मिनिटांची जास्तीची माणसं गोळा होतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, त्यापुढच्या थांब्यावर आणखी माणसं. तिच्या मागून येणाऱ्या बसला मात्र थांब्यांवर कोणीच भेटत नाही, म्हणून ती भराभर पुढे सरकते आणि पहिलीला गाठते. मग अर्धा तास एकही बस नाही आणि नंतर दोन एकापाठोपाठ, असं चित्र दिसतं. म्हणून बराच वेळ थांबल्यावर खचाखच भरलेली बस आली तर धावत जाऊन चढू नका. कंपनीच्या ॲपमध्ये बहुधा नकाशावर बस सरकताना दिसतात. तिथे बघा, किंवा सरळ रस्त्याकडे मान वळवून बघा. दुसरी बस बऱ्याचदा दोन-चार मिनिटांच्या अंतरावर असते आणि तिच्या वरच्या मजल्यावर हवी ती जागा मिळते. पहिलीत आजोबा दांड्याला धरून उभे, दुसरीत खिडकीशी बसलेले, फरक फक्त चार मिनिटांचा.

पहिली फेरी न उतरता करा असं मी सांगते ते नुसता वेळ वाचावा म्हणून नव्हे. नकाशावर शहर सपाट दिसतं. बसमधून पाहिलं की कळतं, या दोन जागांमध्ये चढ आहे, तो पूल लांब आहे आणि त्यावर सावली नाही, त्या संग्रहालयाची रांग सकाळी दहालाच कोपऱ्यापर्यंत गेली आहे, आणि ज्या चौकाचं एवढं नाव ऐकलं होतं तो पाच मिनिटांत बघून होण्यासारखा आहे. ही माहिती घरी बसून मिळत नाही. फेरी संपेपर्यंत तुमच्या यादीतली दोन-तीन नावं आपोआप गळतात आणि एखादं नवीन नाव आत येतं. मुलीच्या हातात कागदी नकाशा आणि पेन्सिल द्या. जिथे उतरावंसं वाटेल तिथे तिने खूण करायची. आजीआजोबांचंही एकेक मत घ्या. फेरीनंतर बसून त्या खुणांमधून दोन निवडा. चौघांनी मिळून ठरवलेलं असलं की दुपारी कोणी कुरकुरत नाही.

कोणत्या बाजूला बसायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. बहुतेक मार्ग म्हणजे एकाच दिशेने जाणारं वर्तुळ असतं. नकाशावर बाण बघा. बस घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर शहराचा मध्यभाग सतत उजव्या हाताला राहतो. उलट दिशेने फिरत असेल तर डाव्या हाताला. जुन्या शहराभोवती फिरणाऱ्या मार्गावर हे एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. त्याखेरीज वाहतूक कोणत्या बाजूने चालते तेही बघा. लंडनमध्ये किंवा सिंगापूरमध्ये बस डावीकडून चालते, म्हणून डावीकडच्या इमारती अगदी हाताला लागतील इतक्या जवळ येतात आणि उजवीकडे रस्त्यापलीकडचं दृश्य पूर्ण दिसतं. बार्सिलोना, पॅरिस, रोम इथे याच्या उलट. जवळून नक्षी बघायला आवडत असेल तर फुटपाथची बाजू, आणि उंच इमारत पायथ्यापासून शिखरापर्यंत एका नजरेत हवी असेल तर रस्त्याची बाजू.

वरच्या मजल्यावर बसल्यावर डोळे साधारण पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या रेषेत येतात. या बसची खरी गंमत तिथे आहे. फुटपाथवरून चालताना आपल्याला दुकानांच्या काचा आणि पाट्या दिसतात. जुन्या इमारतींवरची कारागिरी मात्र त्याच्यावर असते: खिडक्यांच्या कमानी, गॅलऱ्यांचे लोखंडी कठडे, कोनाड्यातले पुतळे, दगडात कोरलेली वर्षं. पायी फिरणाऱ्याची मान तिथवर सहसा जात नाही. म्हणून बस हळू चालली तर वैतागू नका. जुन्या भागात ती जितकी रेंगाळेल तितकं चांगलं.

मात्र वरच्या मजल्याचे काही नियम अगदी काटेकोर पाळायचे. जिना अरुंद असतो, मध्ये वळण असतं आणि पायऱ्या उंच असतात. आईवडिलांनी बस थांबलेली असतानाच चढायचं आणि थांबल्यावरच उतरायचं. थांबा जवळ आला की सगळे उठून जिन्याकडे जायला लागतात, तुम्ही जाऊ नका. आधी घंटीचं बटण दाबा, बस पूर्ण थांबू दे, मग उठा, एकाने पुढे उतरायचं, दोन्ही हात मोकळे ठेवून. पाठीवरची पिशवी तुम्ही घ्या, आईच्या हातात काही देऊ नका. वर उभं राहून फोटो काढायचा नाही, हे मुलीला चढण्याआधीच सांगून ठेवा, कारण झाडांच्या फांद्या आणि पुलांची खालची बाजू खरोखरच डोक्याच्या उंचीला येते. अगदी पुढच्या रांगेत समोर काच असते, वारा कमी लागतो आणि समोरचं सगळं दिसतं, पण फोटोत काचेतलं प्रतिबिंब येतं. अर्धं छत असलेल्या बसमध्ये छत संपतं तिथली, जिन्याजवळची रांग ज्येष्ठांना सर्वांत सोयीची: हाताशी दांडा, डोक्यावर सावली आणि बाजूला उघडं. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी खालीच बसावं, त्यात कमीपणा काही नाही. व्हीलचेअरची जागा आणि रॅम्प खालच्या मजल्यावरच असतो. एका बसमध्ये व्हीलचेअरसाठी बहुधा एकच जागा असते, म्हणून तशी गरज असेल तर कंपनीला आधी विचारून घ्या.

बसमध्ये स्वच्छतागृह नसतं. दोन तासांच्या फेरीत ज्येष्ठांना याची धास्ती असते, आणि ती बोलून न दाखवता ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उघड्या छतावर उन्हात तसं बसणं चांगलं नाही. म्हणून मी फेरी सुरू करायच्या आधीच सांगून टाकते, की अमुक थांब्यावर स्वच्छतागृह आहे, लागलं तर सगळेच उतरू आणि पुढची बस पकडू. असं सांगितलं की माणसं निर्धास्त पाणी पितात आणि बहुतेक वेळा उतरावंही लागत नाही. मोठं रेल्वे स्टेशन किंवा मोठं संग्रहालय मार्गावर कुठे येतं, ते आदल्या रात्री बघून ठेवा. टोपीला गळ्याखालून बंद हवा, नाहीतर नदीच्या पुलावर ती गेलीच म्हणून समजा. उन्हाळ्यातसुद्धा एक पातळ स्वेटर जवळ ठेवा. खाली उभं असताना वारा जाणवत नाही, वर बस चालू लागली की कान दुखायला लागतात. पाऊस पडून गेला असेल तर सीट पुसायला एक जुना टॉवेल.

आता थांब्यांबद्दल. थांब्याला प्रसिद्ध जागेचं नाव दिलेलं असतं, पण तो थांबा त्या जागेच्या दारात असतोच असं नाही. बार्सिलोनात पार्क ग्वेल या बागेच्या थांब्यावर उतरलं की पुढे दहा-पंधरा मिनिटांची चढण चालावी लागते. रोममध्ये ट्रेव्ही कारंज्याच्या गल्ल्यांत एवढी मोठी बस शिरूच शकत नाही. पॅरिसमधली मॉंमार्त्रची टेकडीही तशीच, तिच्या अरुंद चढावांवर डबलडेकरचं काम नाही. तरुण माणसाला दहा मिनिटं म्हणजे काही नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चढावरची दहा मिनिटं म्हणजे दुपारची सगळी ताकद. म्हणून ज्या दोन जागा निवडाल, त्यांचं थांब्यापासून दारापर्यंतचं अंतर आणि चढ मोबाइलच्या नकाशावर तपासा. अंतर जास्त असेल तर त्या एका जागेसाठी टॅक्सी करा आणि बसचा थांबा सोडून द्या. तिकीट काढलंय म्हणून सगळीकडे बसनेच गेलं पाहिजे, असं कुठे आहे?

याच्या उलट, शहराच्या मध्यभागी दोन थांबे एकमेकांपासून पाच मिनिटांच्या सपाट अंतरावर असतात. तिथे वाट पाहत उभं राहण्यापेक्षा चालत जा. आणि एकाच दिशेने फिरणाऱ्या मार्गावर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मागे राहिलेल्या थांब्यावर जायचं तर जवळपास पूर्ण फेरी मारावी लागते. "अरे, ते राहिलंच" म्हणून त्याच बसमध्ये परत चढणारी माणसं दोन तासांनी तिथे पोहोचतात. मागे जायचं तर पायी किंवा साध्या वाहनाने. ही बस लांबच्या, विखुरलेल्या जागांसाठी वापरायची. मध्यभागासाठी आपले पाय बरे.

ज्या जागेचं वेळ ठरवून तिकीट काढलं आहे, तिथे या बसने जायचा भरवसा ठेवू नका. बार्सिलोनातलं सग्रादा फामिलिया चर्च आणि रोमचं कोलोसियम इथे ठरावीक वेळेचा प्रवेश असतो. उशीर झाला तर तिकीट वाया जाऊ शकतं, आणि ही बस कधी उशिरा पोहोचेल याचा नेम नाही. लंडनचा टॉवर ब्रिज जहाजांसाठी वर्षातून सुमारे ८०० वेळा उघडतो. तेव्हा पुलाच्या दोन्ही बाजूंना सगळी वाहतूक खोळंबते, तुमची बसही. बकिंगहॅम पॅलेससमोर पहारेबदल असतो त्या सकाळी आजूबाजूचे रस्ते बंद ठेवतात. पॅरिसमध्ये शाँझेलिझे हा रस्ता महिन्यातल्या पहिल्या रविवारी गाड्यांसाठी बंद असतो. मॅरेथॉन, मिरवणूक, परदेशी पाहुण्यांचा ताफा, काहीही निघू शकतं, आणि अशा दिवशी मार्ग वळवतात किंवा काही थांबे गाळतात. कंपनीच्या वेबसाइटवर मार्गबदलाची सूचना देणारा कोपरा असतो, तो आदल्या रात्री उघडून बघायची सवय लावा. वेळेच्या तिकिटाला मेट्रो किंवा टॅक्सीने पोहोचा, आणि तिथून बाहेर पडल्यावर निवांतपणे ही बस पकडा.

सुट्टीचे वारही बघा. लूव्र मंगळवारी बंद असतं, पॅरिसमधलंच ओर्से संग्रहालय सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. बस या सगळ्या जागांशी त्या दिवशीही थांबते आणि उतरू इच्छिणाऱ्याला कोणी अडवत नाही.

तिकिटाच्या मुदतीत एक मोठी सोय दडलेली आहे. बऱ्याच कंपन्यांचं २४ तासांचं तिकीट पहिल्यांदा चढल्या क्षणापासून मोजलं जातं. काहींचं मात्र कॅलेंडरच्या एका दिवसाचं असतं आणि संध्याकाळी संपतं. हे अटींमध्ये आधी वाचा. खरोखर २४ तासांचं असेल तर सकाळी सुरू करू नका, दुपारी दोनला सुरू करा. तुमच्या दोन दिवसांचा बेत मी असा आखेन: पहिल्या सकाळी ताज्या दमाने सर्वांत महत्त्वाची, वेळेचं तिकीट असलेली जागा, मेट्रोने किंवा टॅक्सीने. जेवण, थोडी विश्रांती. दोन वाजता बसमध्ये चढून पूर्ण फेरी, चारच्या सुमाराला मोकळं, म्हणजे ऑफिसं सुटायच्या गर्दीत अडकायची वेळ येत नाही. रात्री चौघांनी बसून दोन जागा ठरवायच्या. दुसऱ्या सकाळी पहिली बस. पहिल्या बसला रस्ते मोकळे असतात, जागा हवी ती मिळते. दोन वाजेपर्यंत दोन्ही जागा आरामात होतात. मुदतीच्या अगदी काठावर शेवटचं चढणं ठेवू नका, अर्धा तास हातात ठेवा. एकाच तिकिटात दोन दिवस साधतात, म्हणूनच तुम्हाला ४८ तासांचं नको म्हटलं. ४८ तासांचं तेव्हा घ्यावं, जेव्हा शहरात दोन-तीन वेगवेगळ्या रंगांचे मार्ग एकाच तिकिटात असतात आणि बरोबरच्या माणसांना खरोखरच चालणं झेपत नाही. बार्सिलोनात लाल आणि निळा असे मार्ग आहेत आणि प्लासा दे कातालुन्या या चौकात एकातून दुसऱ्यात बदलता येतं. दोन्ही मार्ग नीट बघायचे तर तिथे दोन दिवस लागतात.

शेवटच्या बसची वेळही अशीच फसवी असते. माहितीपत्रकावर "सायंकाळी पाचपर्यंत" लिहिलेलं असतं, पण ती वेळ पहिल्या थांब्याची की शेवटच्या, हे बारीक अक्षरांत असतं. प्रत्येक थांब्यावर शेवटची बस वेगळ्या वेळी येते, आणि ती बऱ्याचदा फेरी पूर्ण करत नाही, ठरलेल्या ठिकाणी संपते. उतरताना थांब्याच्या खांबावर लावलेल्या वेळापत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सोबत थांब्याचा क्रमांकही येऊ द्या. परत येताना रस्ता ओलांडून चुकीच्या बाजूला उभं राहायचा घोळ त्या एका फोटोने टळतो.

बसमध्ये जे ऐकायला मिळतं त्याबद्दल. सीटच्या बाजूला किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर एक छोटा डबा असतो, त्यात हेडफोनची गोल खाच आणि भाषा निवडायचं बटण. कंपनी साधे हेडफोन देते, पण ते म्हाताऱ्या कानांना पुरत नाहीत. घरून तारेचे चांगले हेडफोन दोन जोड न्या, बिनतारी इथे चालत नाहीत. आवाज आधी अगदी कमी करून मग वाढवा. चढल्याबरोबर खाच तपासा. काही सीटची बिघडलेली असते, तेव्हा जागा बदलायची ती बस भरायच्या आत. रेकॉर्ड केलेली माहिती बस कुठे पोहोचली त्याप्रमाणे सुरू होते, म्हणून कोंडीत बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहतं. ते बिघडलेलं नसतं. काही शहरांत प्रत्यक्ष माणूस माइकवर बोलतो. इंग्रजी समजत असेल तर मी नेहमी अशीच बस निवडते, कारण रस्ता बंद असला, पाऊस आला, समोर काही घडलं तर तो त्यावर बोलतो, आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतो.

पण तुमच्या आईवडिलांना परदेशी उच्चारांचं इंग्रजी कानाला बसेल का, हे तुम्हीच ठरवा. हिंदी वाहिनी असेल तर उत्तम, मराठीची अपेक्षा धरू नका. मी गटासाठी एक करते, ते तुम्हालाही जमेल. आदल्या रात्री मार्गावरच्या पाच जागा निवडते, फक्त पाच, आणि त्यांच्याबद्दल दोन-दोन वाक्यं कागदावर मराठीत लिहून ठेवते. टॉवर ब्रिज घ्या: १८९४ साली खुला झाला, आणि त्याचे मनोरे दगडी दिसत असले तरी आतला सांगाडा पोलादाचा आहे. बस पुलावर चढली की हे वडिलांच्या कानाशी सांगायचं. वडील आधी मान डोलावतात, मग मनोऱ्याकडे निरखून बघतात, आणि पुढच्या पुलावर स्वतःच विचारतात, "हा कधीचा?" हेडफोनवर तासभर ऐकलेलं विसरलं जातं. आपल्या माणसाने, समोर वस्तू दिसत असताना, आपल्या भाषेत सांगितलेलं राहतं.

ही बस घेऊ नये अशी शहरंही आहेत, तेही सांगायला हवं. जिथे पाहण्यासारखं सगळं एका मुठीत आहे तिथे नको. इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात हागिया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा आणि जमिनीखालचं प्राचीन जलकुंड एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हे सगळं पाहायला बस लागत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात तर मोटारगाडी जातच नाही. काही शहरांत नेहमीची सरकारी बसच प्रेक्षणीय जागांवरून जाते. बर्लिनची १०० क्रमांकाची बस प्राणिसंग्रहालयाकडून निघून राइशटाग या संसदभवनावरून, ब्रांडेनबुर्ग गेटजवळून, उंटर डेन लिंडेन या रस्त्यावरून अलेक्झांडरप्लाट्झ या चौकापर्यंत जाते, तीही डबलडेकर आणि साध्या तिकिटात. एकटी तरुण व्यक्ती असेल तर मी तिला अशीच बस सांगेन. पण त्या बसमध्ये माहिती सांगणारं कोणी नसतं, जागा मिळण्याची खात्री नसते, आणि ऑफिसला निघालेल्या माणसांच्या गर्दीत आईवडिलांना चढवणं जिकिरीचं होतं. तुमच्यासारख्या कुटुंबाला पर्यटक बसचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

तिकीट आधीच ऑनलाइन घ्यावं, पण थेट कंपनीच्या वेबसाइटवरून. मोठ्या शहरात एकाहून अधिक कंपन्यांच्या बस फिरतात, दोन्हींचे रंग सारखे दिसू शकतात, आणि एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. मूळ स्पेनमधल्या सेव्हिलची सिटी साइटसीइंग ही कंपनी तर बऱ्याच शहरांत स्थानिक चालकांना आपलं नाव वापरायला देते. त्यामुळे नाव तेच असलं तरी एका शहरातली सेवा पाहून दुसऱ्या शहरातली कशी असेल याचा अंदाज बांधू नका. थांब्यावर कागद हातात घेऊन पुढे येणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यायचंच झालं तर बसवरचं नाव आणि त्याच्या कागदावरचं नाव जुळवून बघा. नदीची फेरी किंवा संग्रहालयाचा प्रवेश जोडलेली एकत्रित तिकिटं स्वस्त दिसतात. त्यांतली नदीची फेरी आईवडिलांसोबत जरूर घ्या, तिथे बसायलाही मिळतं. संग्रहालयाचं जोडतिकीट मात्र वेळ राखून ठेवलेलं आहे का ते बघूनच घ्या. नाहीतर प्रवेश आहे पण रांग तशीच आहे, असं होतं. ज्येष्ठांची सवलत असेल तर वयाचा पुरावा लागतो, पासपोर्टची एक छायाप्रत खिशात असू द्या. आणि मोबाइलवर जे आलं आहे ते तिकीट आहे की बदलून घ्यायचं व्हाउचर, ते आदल्या दिवशीच वाचा. व्हाउचर असेल तर ते कोणत्या खिडकीवर बदलतात आणि ती खिडकी किती वाजता उघडते, हे पाहून ठेवा. काही ठिकाणी ती पहिली बस निघून गेल्यावर उघडते.